कुंपणातील पांगाऱ्याच्या मुळाशी ओतल्या जाणाऱ्या काळपट द्रवाबाबत खुलासा

प्रति,
मा. वृक्ष अधिकारी,
उद्यान व वृक्ष विभाग,
नगर परिषद कार्यालय.

विषय : आमच्या कुंपणातील पांगारा न तोडणेबाबत, व त्याच्या मुळाशी द्रव ओतणाऱ्या इसमाबाबत.

संदर्भ : आपले पावसाळ्यात आलेले पत्र, ज्याचे उत्तर मी दिले नाही.

महोदय,

आपले उपरोक्त पत्र मला वेळेत मिळाले होते. ते पोस्टात गहाळ झाले असे लिहावे, असे एक मसुदा करताना मनात आले होते. परंतु पोचपावतीवर सही माझीच आहे. पत्रात आपण विचारले होते की, आमच्या कुंपणातील रोगट पांगाऱ्याच्या मुळाशी एक अनोळखी इसम रोज पहाटे काळपट द्रव ओततो अशी तक्रार आली आहे. तरी सदर इसम कोण व द्रव कोणता, याचा घरमालक या नात्याने खुलासा करावा. न केल्यास तोडण्यास हरकत नाही असे समजून झाड तोडले जाईल. मी खुलाशाचे पुष्कळ मसुदे केले. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढण्यात माझी सारी नोकरी सरली. त्यामुळे स्वतःचे वाक्य शेवटपर्यंत जाऊ देणे मला जमत नाही. पत्र शब्दकोशात ठेवले आणि तो शब्दकोश उघडणे टाळले.

आता खोडावर पिवळ्या रंगाची फुली आली आहे. म्हणून पुढील बाबी सादर करतो.

१. हा पांगारा कोणी झाड म्हणून लावलेला नाही. माझी थोरली बहीण, जिला मी ताई म्हणतो, माझ्याकडे कायमची राहायला आली, तेव्हा कपड्यांची दोरी बांधायला तिने कुंपणात एक ओला सोट रोवला. तो फुटला. दोरी आजही त्यालाच आहे. ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिला माझा चेहरा नीट दिसत नाही. मी आवाज केला नाही तर ती मला खुर्ची समजते. परंतु पांगारा फुलतो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला तो लाल रंग दिसतो. “आला बघ,” एवढेच ती म्हणते. वर्षातून एकदा तिला लांबचे काही दिसते, ते हेच.

२. आपले निरीक्षक आले ते नेमके थंडी सरताना. या दिवसांत पांगारा सगळी पाने टाकून उघडा उभा असतो. आधी फुले येतात, पाने मागाहून. निरीक्षकांनी जीपमधून न उतरता विचारले, “पान नाही, फूल नाही, ठेवायचं काय यात?” मला उत्तर येत होते. ते जीप वळून गेल्यावर तोंडातून बाहेर पडले. इतक्या घाईने निर्णय घेणाऱ्या माणसाला तो आधीच कोणी सांगून ठेवला असावा, अशी मला शंका आहे.

३. झाड आजारी नाही, असे माझे म्हणणे नाही. गेल्या पावसाळ्यात पाने आकसली व त्यांवर मसुराच्या दाण्यांसारख्या गाठी आल्या. ग्रंथात पाहता, गांधीलमाशीच्या कुळातील पण तिळाहूनही लहान अशी एक माशी पानात अंडी घालते, त्याच्या या गाठी. जोमदार झाड यातून सावरते, असे एक ग्रंथ म्हणतो. दुसरा म्हणत नाही. मी दोन्ही परत परत वाचले आहेत.

४. आमच्या गल्लीत म्हातारी माणसे असे सांगत की, कुंपणातला पांगारा दोन्ही घरांचे ऐकत असतो, आणि ज्या घरात खोटे चालते त्या बाजूची फांदी आधी वाळते. यास कोणताही शास्त्राधार नाही. तथापि आमच्या बाजूची फांदी आधी वाळली आहे, हे नमूद करणे मला भाग आहे.

५. तक्रार कोणी केली, हे आपल्या पत्रात नाही. ते मी शोधून काढले आहे. पहाटे तो कोपरा दिसेल अशा खिडक्या दोनच. एक आमच्या स्वयंपाकघराची. तेथे फक्त ताई असते, आणि तिला दिसत नाही. दुसरी शेजारच्या गॅरेजवाल्यांची. त्यांना झाडाच्या जागी गाड्यांसाठी फाटक हवे आहे. मी त्यांना कुंपणाशी टेप धरून उभे असलेले पाहिले आहे. खोडाभोवती त्यांनी पांढरी पूड टाकली, विचारता म्हणाले, “मुंग्यांची पावडर आहे काका, तुम्हाला नाही लागायची.” पिवळी फुली आली त्या दिवशी त्यांच्या दाराला पिवळा रंग लागत होता. ते सकाळी कुंपणावरून हाक मारतात, “काका, झाड मेलं! आता तरी पुस्तकातून डोकं काढा.” झाड मेले याची त्यांना इतकी खात्री कशी, हे आपण त्यांना विचारावे.

त्यांच्यावर नजर ठेवता यावी म्हणून मी पुस्तक घेऊन खिडकीत बसू लागलो. पुढे दूधवाल्याचाही संशय येऊ लागला, कारण तो सायकल नेहमी झाडालाच टेकवतो. मग गॅरेजवाल्यांचे दार रंगवणाऱ्या रंगाऱ्याचा. एका सकाळी पाहतो तर पुस्तक उलटे धरलेले होते, आणि गॅरेजवाले तिकडून माझ्यावरच नजर ठेवून होते. तेव्हा मात्र, ज्या एका इसमाचा मी अद्याप संशय घेतला नव्हता, त्याचा विचार करणे प्राप्त झाले.

६. खुलासा. सदर इसम मीच आहे.

सदर द्रव काढा आहे. ताई तो माझ्या साखरेच्या दुखण्यासाठी भल्या पहाटे उठून, चाचपडत, कडू पाल्याचा करते. एकदा ‘बरा आहे’ असे मी केवळ भिडेने म्हणालो. तेव्हापासून वाटीचा पेला झाला. नको म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. मी पेला घेऊन, शाल पांघरून, मागच्या दाराने कुंपणाशी जातो व रिकामा पेला आणून देतो. “घेतलास?” ती विचारते. मी “हं” म्हणतो. आपल्या पत्राला उत्तर दिले असते तर त्याची प्रत घरी आली असती, आणि घरी आलेली पत्रे, आपले ते एक सोडून, मी ताईला वाचून दाखवतो.

झाड माशीने आजारी पडले, पावडरीने, की ताईच्या काढ्याने, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. खोडाची साल नखाने खरवडली आणि खाली हिरवे दिसले, तर झाड जिवंत, असे ग्रंथात आहे. फुली मारलेल्या झाडास हात लावणे हा गुन्हा ठरेल या भीतीने मी खरवडलेले नाही. दुसरी भीतीही आहे. ती आपल्या लक्षात आली असेल.

तरी विनंती अशी की, फुलण्याचा हंगाम सरेपर्यंत तोड थांबवावी, जीपमधून उतरणारा कोणी अधिकारी पाठवून साल तपासावी, आणि सोबतच्या काढ्याने झाड मरते काय, ते कळवावे. कृपया उत्तर गॅरेजवाल्यांच्या हाती देऊ नये.

उत्तरास फार उशीर केलेला, आपला नम्र,
(सही)
कुंपणालगतच्या घराचा रहिवासी
दिनांक : पोस्टाच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत :
(अ) गाठी आलेले पान, पुस्तकात दाबून वाळवलेले.
(आ) काढा, लहान बाटलीत, अर्धी.

ता. क. पाकीट चिकटवायला ताईकडे डिंक मागितला. ती म्हणाली, “झाडाचं आहे का? अरे, तक्रार मीच तोंडी देऊन आले होते कचेरीत. कोण मेला रोज झाडाच्या मुळाशी काळं पाणी ओततो, म्हटलं बघाच. मला नुसती सावली दिसते, पण उंचीला तुझ्याएवढाच आहे, आणि चाल चोराची. तुला मुद्दाम नाही सांगितलं, तू घाबरट.”

गॅरेजवाल्यांविषयी कलम ५ मध्ये लिहिलेले सर्व मी मागे घेतो. पावडरीबाबतचे अद्याप नाही.

कलम ६ काढून टाकून अर्ज पुन्हा लिहावा, असे वाटले. तसे न करता ते ताईला मोठ्याने वाचून दाखवले. तिने डिंकाचे झाकण लावले. मग म्हणाली, “सगळा? की थोडा तरी पोटात गेला?” मी खरे सांगितले. तिने बाटली हातात घेऊन हलवली व म्हणाली, “आणि साहेबांना अर्धीच? भर नीट. निदान ते तरी पितील.” बाटली आता पूर्ण भरली आहे. वरील यादीत तशी दुरुस्ती समजावी.

त्यानंतर दोरीला धरून ती झाडापर्यंत गेली आणि तिने अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. “काय दिसतंय? खरं सांग,” ती म्हणाली. खाली हिरवे आहे. हे कृत्य ताईचे आहे, माझे नाही. परंतु जबाबदारी दोघांची धरावी.

या शेवटच्या ओळी पाकिटाच्या पाठीवर, पोस्टाच्या पेटीशी उभे राहून लिहीत आहे. कलम ४ मधील समजुतीबाबत एक सुधारणा करायची होती, पण ताई माझ्या कोपराला धरून उभी आहे आणि म्हणते, “पुरे, आता सोड.”

सोडतो.