धुराड्यात बासमती

१२ नोव्हेंबर, बुधवार

वीज गेली! वाऱ्याने रेडमंडमधली किती झाडं पाडली कोण जाणे. हीटर बंद, घर गारठलेलं.

नाना दोन स्वेटर आणि कानटोपी घालून फायरप्लेससमोर बसले होते. अचानक म्हणाले, "हे पेटत नाही का गं?"

मार्चमध्ये संजीव गेला. तेव्हापासून माझ्या सासऱ्यांनी मला विचारलेला हा पहिला अख्खा प्रश्न. एरवी आमचं "चहा?" – "चालेल." एवढंच.

म्हटलं, "संजीव म्हणायचा, हात लावू नकोस, गार वारा येतो."

नाना उठले, वाकून आत डोकावले. "वारा कसला? ड्राफ्टच नाही, हवा वर ओढलीच जात नाही! वर काहीतरी अडकलंय."

सांगलीकडच्या साखर कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळलाय त्यांनी. आवाज एकदम ड्यूटीवरचा!

१३ नोव्हेंबर

वीज आली. तरी चिमणी साफ करणाऱ्याला फोन केलाच.

नानांचं भारतात परतायचं तिकीट १४ डिसेंबरचं आहे. "जावं म्हणतो," ते म्हणाले आणि मी लगेच कॉम्प्युटर उघडून तिकीट काढलं. थांबा म्हणायचं होतं. तोंडातून आलंच नाही. निदान जायच्या आधी एकदा तरी हे पेटायला हवं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डॅरेल आला. लांब दांड्यांचे ब्रश, कॅमेरा, गुडघ्यांना पट्टे. चिमणीतली झडप हलेना. त्याने आत हात घालून ओढलं – पोतं! मग दुसरं! मग तिसरं! दहा किलो बासमतीची, रिकामी, चेनवाली. वारा अडवायला संजीवने कोंबलेली!

डॅरेलचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणाला, खाली जाळ केला असतात तर ही पेटली असती, सगळा धूर घरात.

नानांनी एक पोतं हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. मला वाटलं, आता रडतात.

"गाढव लेकाचा! बॉयलरवाल्याचा पोरगा आणि धुराड्यात पोती कोंबतो!"

आणि हसायला लागले. मीही. इतकं हसलो की शेवटी ते हसणं राहिलं नाही. डॅरेल उगाचच बाहेर ट्रककडे गेला.

१९ नोव्हेंबर

काल लिहायचं राहिलं. डॅरेलने कॅमेरा वर सोडला तेव्हा नाना स्क्रीनला चिकटून! आतल्या मातीच्या नळ्यांना दोन ठिकाणी तडे. तिथून उष्णता भिंतीतल्या लाकडापर्यंत जाऊ शकते. वरचा सिमेंटचा थरही फुटलाय, पाऊस आत जातो. आतून स्टीलचा पाइप बसवायचा – लायनर. वर जाळीची टोपी. तोवर काडीही ओढायची नाही.

"करेक्ट! नो लायनर, नो फायर!" नानांचं इंग्रजी! दोघांनी हात मिळवले. डॅरेलने विचारलं, तुमची चिमणी केवढी होती? नाना म्हणाले, "टू हंड्रेड फीट." डॅरेलने टोपी काढली!

५ डिसेंबर, शुक्रवार

लायनर बसला! मी खिडकीतून बघते तर नाना शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. वय अठ्ठ्याहत्तर!

"नाना, आधी खाली या!"

"अगं, सांधा बघतोय फक्त."

"सांधा डॅरेल बघेल!"

"डॅरेल बघेल, पण डॅरेलला कोण बघेल?"

मी शिडी धरून उभी राहिले, दुसरं काय करणार. उतरल्यावर त्यांनी संजीवच्या ऑफिसची कोरी वही मागितली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख. काम. शेरा. कोण करणार.

"लॉगबुकशिवाय आग नाही," म्हणाले.

डॅरेलने जाताना बजावलं – राख किमान दोन दिवस हलवायची नाही, आत निखारा जिवंत असतो. मग झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत. नानांनी तेही वहीत उतरवलं आणि खाली सही ठोकली – त्र्यंबक.

९ डिसेंबर

विषारी वायूचा अलार्म बसवला. टेस्टचं बटण दाबलं तर नाना खुर्चीतून उडाले! "भोंगा झाला? पाळी बदलली की काय!"

११ डिसेंबर, गुरुवार

बर्न बॅन! हवा साचलीय म्हणून लाकूड जाळायला बंदी. आजच! सुकी लाकडं आणून ठेवली, एकमेकांवर आपटली की टणटण वाजतात. आता नुसती वाजवायची.

१२ डिसेंबर

बंदी कायम. नानांनी बॅग भरली.

१३ डिसेंबर, शनिवार

दुपारी बंदी उठली! मी जिन्यावरूनच ओरडले. मी – ओरडले!

नानांनी अंघोळ केली. विटेला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला. कारखान्यात हंगामाच्या आधी बॉयलर पेटवतात, तेव्हा अशीच पूजा असते. मग काडेपेटी माझ्यापुढे धरली.

"मी? नाना, तुमच्याकडे तर या पूजेला जोडपं लागतं."

"ते कारखान्यात. हे तुझं घर आहे."

आधी झडप उघडली. वर्तमानपत्राची गुंडाळी पेटवून वर धरली, नळी गरम व्हायला. धूर क्षणभर घुटमळला, माझ्या तोंडावर आला – आणि सर्रकन वर!

"घेतला! ड्राफ्ट घेतला!" नाना टाळ्या वाजवत होते. अंगणात जाऊन पाहिलं. पातळ, सरळ धूर.

मग दोघं शेकत बसलो. संजीवबद्दल बोललो. पोत्यांबद्दल जास्त.

आताही म्हणायचं राहिलं. थांबा.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळचे सात. बॅगा दाराशी, विमान दुपारचं. वही उघडली. नानांच्या अक्षरात शेवटची ओळ –

तारीख: १५ डिसेंबर. काम: राख काढणे. कोण करणार: त्र्यंबक.

पंधरा!

मीच बॅगा वर नेऊन ठेवल्या. आता दोघं बादली आणायला निघालोय. झाकणाची.