नवाच्या गाडीनं लातूरला

नीलाक्का,

मी आपल्या चाकूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंसंगं नवाच्या गाडीनं लातूरला चालले. संधिवातानं आज बोटं धड वळंनात, ही चिठ्ठी बी कशीबशी लिहिली. भाकरी तेवढ्या तुम्ही करा.

काल टँकरपाशी माझ्या हातातून घागर सुटली. असल्या दुष्काळात एवढं पाणी सांडलं, तरी तुम्ही एका शब्दानं बोलला न्हाईत. तेच मला लई लागलं. मनात आलं, मी नसले तर ह्या घराचं वझं कमी होईल. पंधरा दिवस झाले, हेच मनात येऊन राहिलंय. मला माझीच भीती वाटाय लागली, म्हणून सकाळी सिस्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे सोंग न्हाई, कमलम्मा. सांधे धरणारा हा आजार मनालाही धरतो. दोन्हीवर औषध हाय." लातूरचा वेगळा जिल्हा झाला, मोठा दवाखाना तिथं आला ते बरं झालं. उस्मानाबादपर्यंत मी गेलेच नसते.

ह्यांना तुम्हीच सांगा. मला तोंडानं जमलं न्हाई.

पाचच्या गाडीला स्टँडवर या, अक्का. तिथून घरापर्यंत एकटीनं यायचं मला आज भ्या वाटतंय.

तुमची धाकटी जाऊ,
कमलम्मा