दहा खाटांच्या वॉर्डातला चोर

तीर्थस्वरूप आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष वाकता येत नाही, मांडीवर लॅपटॉप आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या वेळेवर घेतेस ना? तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून लोकांना दटावून गोळ्या दिल्यास, पण स्वतःच्या विसरतेस, म्हणून विचारलं. इकडे ताईचा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे, जीभ मात्र ठणठणीत आहे. भावोजी बरे आहेत, पण माझ्याशी बोलत नाहीत. का, ते सांगायलाच हे पत्र. (फोनवर तू 'बरं, ठेवते' म्हणून मला निम्म्यातच तोडतेस.)

तुला ठाऊकच आहे, अठरा वर्षं मी दुसऱ्यांचे नकाशे काढले. हा दहा खाटांचा वॉर्ड म्हणजे माझं स्वतःचं पहिलं काम. नकाशा शुक्रवारी बाराच्या आत गेला नाही, तर पुन्हा जन्मभर दुसऱ्यांच्याच रेघा ओढायच्या. त्यात ऐन वेळी ताई जिन्यावरून घसरली. (तिच्या म्हणण्याप्रमाणे जिनाच घसरला.) फाइली सगळ्या तिकडे, माझ्या कामाच्या खोलीत. मग तिच्याकडे यायला निघताना अशी व्यवस्था केली, की घरचा कॉम्प्युटर इकडून माझ्या लॅपटॉपवर आणि वरच्या खोलीतल्या भावोजींच्या कॉम्प्युटरवरही चालवता यावा. पण मी जरा हात थांबवला, की तिकडचं यंत्र झोपी जातं आणि मग कितीही हाका मारा, ओ देत नाही. म्हणून तुला राहायला बोलावलं आणि दर दहा मिनिटांनी माउस हलवायचं काम दिलं. तू म्हणालीस, 'रात्रपाळ्या केलेल्या बाईला हे काय सांगतेस!' आणि खरंच, तुझ्या पहाऱ्यात त्याची डुलकी काढायची टाप नव्हती.

पण मंगळवारी भलतंच घडलं. वॉर्डातलं हात धुवायचं बेसिन मी पार टोकाला, खिडकीखाली दाखवलं होतं. (पाइप तिकडूनच येतो, आणि दिसतंही छान.) ताईला पाणी देऊन येते, तो बेसिन दाराशी! म्हटलं, माझाच हात लागला असेल. परत नेऊन ठेवलं. तर माझ्या डोळ्यांदेखत ते अडखळत, भिंतीला दोनदा आपटत, पुन्हा दाराशी जाऊन बसलं. मग खाटा. मी भिंतीला नीट चिकटवलेल्या दहाच्या दहा खाटा एकेक करून सुट्या झाल्या.

पहिला संशय भावोजींवर. त्यांच्या कॉम्प्युटरवर माझं खातं उघडंच होतं ना! मी तरातरा वर गेले आणि काही न विचारता प्लगच उपटला. बिचारे सकाळपासून ऑफिसचा अहवाल लिहीत होते आणि सेव्ह करायचं राहिलं होतं. अहवाल गेला, खाली येऊन बघते तर बेसिन दाराशीच. पासवर्ड बदलला, तरी चोर मजेत. बरं, चोरही मोठा शिस्तीचा. दुपारी एक ते अडीच फिरकायचा नाही. (तुझीही पडायची वेळ तीच. म्हणजे त्याचंही वय झालं असावं.)

आज, शुक्रवारी, तर कहर झाला. मी बेसिन खिडकीखाली न्यायचं, त्याने दाराशी आणायचं. मी न्यायचं, त्याने आणायचं. बाराला एक मिनिट उरलं तेव्हा रडकुंडीला येऊन होतं तसं पाठवून दिलं. आता खाली नाव माझं आणि बेसिन चोराचं! धाकधूक होते गं. तरी मन म्हणतं, होईल काहीतरी चांगलं. तू आपला पहारा चालू ठेव, आणि कुणी संशयास्पद दिसलं तर कळव.

तुझी लाडकी भाची

ता. क. आज शनिवार. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांना फोन केला होता. ते म्हणाले, 'बाई, बाहेरून दोनच कॉम्प्युटर आत येतात आणि दोन्ही तुम्हीच उघडलेले. तिसरा हात घरातल्याच माउसवर आहे.' आत्या!! मी अशी भडकले, की ताई घाबरून प्लास्टरसकट उभी राहिली. तुला फक्त माउस हलवायला सांगितला होता गं, वॉर्ड नाही!

आणखी ता. क. सोमवार. आत्ताच इस्पितळातल्या मेट्रनबाईंचा फोन आला. नकाशा पास! म्हणाल्या, 'आत शिरल्याबरोबर हात धुता येतात आणि खाटेच्या दोन्ही बाजूंना उभं राहता येतं, असा नकाशा इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिला. तुम्ही आधी नर्स होतात का?' मी म्हटलं, 'मी नाही, माझी आत्या.' आणि फोन ठेवून ओक्साबोक्शी रडले. भावोजीसुद्धा अबोला विसरून पाणी घेऊन आले.

शेवटचा ता. क. (खरं पत्र इथून सुरू.) मी रविवारी परत येते आहे. तू मात्र परत जाऊ नकोस. बाईंनी आता बाळंतिणींचा वॉर्ड काढायला सांगितलाय. मला रेघा कळतात, आत्या, पण त्या रेघांच्या आत माणसं कशी कण्हतात, वळतात, उठतात, ते तुला कळतं. राहशील माझ्याजवळ? खाली दोघींची नावं घालू. नवी फाइल उघडून ठेवली आहे, खोली अजून रिकामी आहे. कबूल असेल, तर पहिली खाट तूच मांड. मी इथून बघत बसले आहे.