युरेनियमच्या डब्याचा चार्ज

१० जाने. २०००
रसायन विभागाचं स्टोअर आवरायला घेतलं. खिडकीखाली पिवळ्या पाण्याचे दोन मोठे काचेचे बुधले. सोडियम मोजायच्या जुन्या प्रॅक्टिकलचं सांडपाणी, वर्षानुवर्षं साठवलेलं. त्यात युरेनियम. एका बुधल्याला तळाशी चीर. दोन्हींवर मिळून एक फळी, फळीवर स्टोव्ह, स्टोव्हवर चहा.
चहा हसनभाईंचा, आमच्या लॅब अटेंडंटचा. फळीखाली काय आहे ते त्यांना सांगितलं. वाकून पाहिलं, म्हणाले, "मना काय झाला काय? इतकी वरसां चाय पितंय." मला दिलेला कप खाली ठेवला. विचार करून परत उचलला. काच आणि फळी ओलांडून चहात काही येत नाही. रॉकेल येतं.

१३ जाने.
प्राचार्यांना (पुढे नुसतं प्रा.) भेटले. 'युरेनियम' म्हटल्यावर उठून दार लावून आले. पोखरणपासून या शब्दाला वजन आलंय. हळू आवाजात विचारलं, आपल्याकडे किती आहे. म्हटलं, या युरेनियमचा कस आधीच काढून घेतलेला असतो. नारळाचा रस काढला की चोथा उरतो, तसा चोथा. त्यातून ना बॉम्ब, ना वीज. मग दार उघडलं, आवाजही नेहमीचा झाला. "म्हणजे निरुपयोगीच."
म्हटलं, निरुपयोगी आहे, निरुपद्रवी नाही. पाण्यातून पोटात गेलं की मूत्रपिंडावर जातं. बुधल्याला चीर, खाली पाणी झिरपू देणारा जांभा दगड, आणि उतारावर कॉलेजची विहीर. मुंबईच्या अणुऊर्जा कार्यालयाला पत्र लिहायला परवानगी मिळाली. विहीर या शब्दामुळे असावी. प्रा. तिचंच पाणी पितात.

७ फेब्रु.
मुंबईचं उत्तर. द्रवाचं घनरूप करा, सीलबंद डब्यात ठेवा, कुलूप लावा, जबाबदार व्यक्तीचं नाव कळवा. सवडीनं येऊन नेऊ.

१५ फेब्रु.
अमोनिया घालून साका खाली बसवला. रंग थेट हळदीचा. वर राहिलेलं पाणी दोनदा तपासलं, स्वच्छ. हसनभाईंनी नोकरीत पहिल्यांदा हातमोजे घातले. दुपारी घरी जेवायला गेले तेही घालूनच. परत बोलावून धुवायला लावले, मोजेही आणि हातही.

२१ फेब्रु.
साका भट्टीत भाजला. पिवळ्याचा केशरी, केशरीचा काळा. दोन बुधल्यांची मिळून ओंजळभर भुकटी. ती सिमेंटात कालवून स्टीलच्या कडीच्या डब्यात भरली. झाकण, सील, किरणोत्साराच्या त्रिपंखी चिन्हाचं लेबल, माझी सही. आता हा डबा विहिरीत पडला तरी पाण्यात काही उतरणार नाही.
बरं वाटलं.

२४ फेब्रु.
चूक एकच, लेबल लावलं. बुधले उघडे होते तेव्हा त्यांच्यावर चहा होत होता. आता डबा सुरक्षित आहे, तर स्टोअरच्या बोळातून कोणी जात नाही. स्टोव्ह भौतिकशास्त्रात गेला. डबा ठेवायला भौतिकशास्त्र तयार नाही. वनस्पतिशास्त्राला रोपं मरतील असं वाटतं. प्रा. म्हणाले, "पूर्वीसारखं पातळ नाही का करता येणार? तेव्हा कुणाची तक्रार नव्हती."
नाही म्हटलं. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आवाज चढला असता.

२ मार्च
मुंबईच्या प्रयोगशाळेत निवड झाली! तीन एप्रिलला रुजू व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. इथे तीन वर्षं हंगामी नोकरीत काढली. इथून सोडायची अट: सगळ्या वस्तूंचा चार्ज देऊन पोच घेणे. ब्युरेट, ताजवे, फ्लास्क, सगळ्यांना घेणारे आहेत. डब्याला नाही.
आई म्हणाली, तुझाच आहे ना, जाताना घेऊन जा.

९ मार्च
डबा नाही. कुलूप शाबूत. दुसरी किल्ली शितपमामांकडे, कॉलेजचे शिपाई, खालच्या वाडीतले. विचारलं. फरशीकडे बघत म्हणाले, "मना काय म्हायत नाय, बाय."
प्रा. मोकळे झालेले दिसले. गेला ना, मग प्रश्न मिटला. म्हटलं, यादीत आहे, दिल्याशिवाय मला सुटता येत नाही. म्हणाले, "मग राहा की."

११ मार्च
भौतिकशास्त्राचा गायगर काउंटर घेऊन आवार पालथं घातलं. तो विजेवर चालतो, म्हणून मागे हसनभाई वायरीचं भेंडोळं सोडत. जांभ्याची नेहमीची संथ टिकटिक, बाकी काही नाही. सिमेंट, स्टील आणि वर माती. माझा डबा बोलणार नाही. काम नीट केलं की असं होतं.
तीन ठिकाणी वायर पुरली नाही. दगडी गडग्यावरून दोन माणसं बघत होती. एकानं विचारलं, पाणी लागला काय.

१४ मार्च
चहा पिताना (भौतिकशास्त्रात) हसनभाई म्हणाले, डबा शितपानंच पुरलाय, भीतीनं. स्टोअरच्या शेजारच्या खोलीत त्याला रात्री झोपायला लागतं. पण कबूल केलं तर नोकरी जाईल. "तोंडान नाय सांगायचा तो. खांद्यान सांगल."
समजायला जरा वेळ लागला. शिमग्यात गावकरी नारळ पुरून ठेवतात. देवीची पालखी खांद्यावर डोलत डोलत जाते आणि बरोबर त्या जागेवर खूण काढते. लहानपणापासून पाहिलंय. पालखीचा पुढचा खांदा शितपमामांचा असतो.
यावर माझं मत इथे लिहीत नाही. गाऱ्हाणं घालायचं ठरवलं.

२३ मार्च
पालखी कॉलेजच्या मैदानात आली. मी नारळ ठेवला. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या बायची वस्तू हरवली हाय, ती गावव. तिच्या मुंबैच्या वाटेवरचा काटा काढ." सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. प्रा. सर्वांत मोठ्यानं.
ढोल सुरू. पालखी आधी विहिरीकडे गेली. मग वळली, वनस्पतिशास्त्राच्या वाफ्यांमागे रातांब्याच्या झाडाखाली गेली, तिथेच घुमली आणि खाली झुकली. हातभर खणल्यावर डबा. आधी सील पाहिलं. शाबूत.
शितपमामा घामानं निथळत होते. म्हणाले, "गावला, बाय."
म्हटलं, "देवीची कृपा, मामा."
इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी वर पाहिलं.

२४ मार्च
बोळात रांग. लेबलावर हळदकुंकू, चिन्हाच्या दोनच पाकळ्या दिसतात. भीती कुणालाच नाही. वनस्पतिशास्त्रानं जास्वंदीचा हार पाठवला. प्रा.ना डबा त्यांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात हवा. मानकऱ्यांचं म्हणणं, देवीनं काढून दिलेली वस्तू देवळात राहील. दोघांनाही नाही म्हटलं. स्टोअर, कुलूप, मुंबईची गाडी. एवढ्यापुरते ते दोघे माझ्याविरुद्ध एक झाले.
सहीचं विचारलं तर प्रा. म्हणाले, "देवीच्या वस्तूची पोच माणसानं कशी द्यायची?" गेल्या महिन्यात डबा निदान माणसांच्या अखत्यारीत होता.

२९ मार्च
देवळाचा विषय मिटला. मानकऱ्यांना सांगितलं की डबा ठेवल्यावर गाभाऱ्यात कार्यालयाचं कुलूप लागेल आणि तपासणीला मुंबईहून साहेब येतील, चपला घालूनच. केबिनच्या बाबतीतही तेच सांगितलं, चपला वगळून. डबा स्टोअरमध्ये. पोच मात्र कोरी.

३१ मार्च
बाकी सगळ्या वस्तूंच्या सह्या झाल्या. एक ओळ रिकामी. प्रा. म्हणाले, एवढं एक राहू दे, बघू. तीन तारीख त्यांना दोनदा सांगितली.
दुपारी शितपमामा आले. दाराबाहेर चपला काढून उभे राहिले. म्हणाले, "मी करतंय सही. जबाबदार म्हणून माजा नाव लिव. चालल काय?"
डब्यात काय आहे, तो का उघडायचा नाही, मुंबईची गाडी आली की काय करायचं, सगळं सांगितलं. शेवटी मामांनी विचारलं, रात्री बाजूला झोपलो तर? काही होणार नाही म्हटलं. माझ्याकडे पाहिलं आणि पेन मागितलं. सावकाश सही केली, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव.
कागद प्रा.कडे नेला. शिपायाची पोच चालते का, ते नियमात बघून सोमवारी सांगतो म्हणाले. सोमवारी तीन तारीख आहे.
रविवारच्या एसटीचं तिकीट काढलं. माझ्याकडची किल्ली कुणाकडे द्यायची याचा थोडा विचार केला. मामांकडे दिली.