कुंडी क्रमांक १९ च्या पित्याबाबत

मी, शीला भीमराव शेजवळ, वय ४७, बी.एस्सी. (वनस्पतिशास्त्र), कॉलेजात प्रयोगशाळा सहायक, राहणार अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. सोमवारी पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात, पण मला कागद केल्याशिवाय झोप लागत नाही.

१. राहते घर भाऊ राजेंद्र यास. गच्चीवरची हिरवी जाळी त्याने उतरवू नये. "ताई, माशा खाणारी झाडं पाळतेस आणि घरात डास तसेच," हे त्याने घर मिळाल्यावर तरी थांबवावे.

२. डायऱ्या व घटपर्णीच्या एकतीस कुंड्या भाची वैष्णवीस. पानांच्या टोकांच्या सुरयांत किडे आपोआप पडतात. वरून काही भरवू नये. नळाचे पाणी घालू नये, पिंपातले पावसाचे घालावे.

३. कुंडी क्रमांक १९, लाल काठाची. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

संकराच्या नोंदीत आई आधी, बाप नंतर, अशी रीत आहे. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या नर्सरीवाल्यांनी असे संकर करून त्यांना साहेबांची नावे दिली. कित्येकांच्या आईबापांवरून अजून वाद आहेत. मी त्यांना निष्काळजी म्हणत असे. घटपर्णीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. १९९६ साली माझ्या खासी, म्हणजे मेघालयातल्या खासी डोंगरांतल्या जातीच्या, मादीला फुले आली. तिला ठिपकेवाल्या नराचे पराग लावले; त्या बीचे झाड ते कुंडी १९ मधले. त्याच सकाळी, त्याच कुंचल्याने, दुसऱ्या नराचे पराग डबीत झाडून ठेवले होते. मध्ये कुंचला धुतला का, हे डायरीत नाही. त्या दिवसाचे तापमान मात्र आहे.

तरीही २००२ साली बाग मंडळाच्या अंकात 'खासी आणि ठिपकेवाला' असे बिनदिक्कत छापून आणले. संकराला माझ्या आईचे नाव दिले, द्रौपदी.

त्याच वर्षी उल्हासनगरच्या एका नर्सरीवाल्याने माझ्याकडून फांदी नेऊन तेच झाड 'लकी क्वीन' म्हणून विकले. जाब विचारायला गेले तर म्हणाला, "मॅडम, द्रौपदी बोलेगा तो गिऱ्हाईक एक के दाम में पाँच माँगेगा." मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणाले. परत येताना रिक्षात कुंचला आठवला. त्यानंतर त्या कुंडीला पाणी घालतानाही चिडचिड होते, त्याच्यावर की माझ्यावर, हे सहा वर्षांत ठरलेले नाही.

सबब, <s>माझ्या मृत्यूनंतर वैष्णवीने</s> सोबतचे पत्र मंडळाला पाठवावे: "आई खासी. बाप अनिश्चित." लेबलही तसेच बदलावे. नाव द्रौपदीच राहील.

खुलासा: कलम ३ मधील तीन शब्द मी स्वतः खोडले असून शेजारी सही केली आहे. साक्षीदार उमा पगारे, माझी कॉलेजातली सहकारी, वाचून म्हणाली, "शीला, सहा वर्षं तू गप्प, आणि कबुली द्यायची पोरीनं?"  पत्र मी आज दुपारी टपालपेटीत टाकले. लेबल बदलले आहे. अक्षर माझे आहे.

शीला भीमराव शेजवळ (सही)

आमच्यासमक्ष सही झाली:
१. उमा पगारे, सहकारी (सही)
२. महेंद्र उबाळे, शेजारी (सही)

अंबरनाथ, शनिवार, ९ ऑगस्ट २००८