पफ झाला की फोन

३० जून, सोमवार. सकाळी

रिटायर होऊन दोन महिने झाले. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या भट्टीवर आयुष्य गेलं. आता सकाळी कुठं जायचं नसतं, तरी पहाटेच जाग येते आणि उठल्या उठल्या दमल्यासारखं होतं. म्हणून ही रोजनिशी. लिहिलं की माणूस शिस्तीत राहतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

चहा देताना बायकोनं विषय काढला. अनुजाला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं हिचं म्हणणं. पोरगी म्हणते, आबांनी स्वतः फोन करून बोलावलं तर येईन, न्हाईतर न्हाई.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. मी माझ्या मुलीवर कधीच रागावलो नव्हतो. बँकेनं तिची चंदगडला बदली केली, तिथं तिनं एका काजू फॅक्टरीवाल्या मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा मी फक्त माझं मत दिलं. चंदगडला पाऊस इतका की भिंतीवरच्या कॅलेंडरला बुरशी येते. रजिस्टर लग्नाला गेलो नाही, कारण त्या दिवशी कंबर धरली होती. त्यानंतर दीड वर्ष बोलणं नाही. पण याला अबोला म्हणत नाहीत. विषय निघाला नाही, इतकंच.

फोन करायला माझी हरकत नाही. पण एवढ्या दिवसांनी एकदम फोन करून माणूस बोलणार काय? निमित्त पाहिजे.

निमित्त बायकोनंच दिलं. म्हणाली, परवा अनू बाबालालच्या बेकरीतल्या अननस पफची आठवण काढत होती. आठवण येणारच. शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की मीच आणायचो. तिकोनी, वर साखर, आत पिवळा गरम जाम. पोरगी फाटकावर चढून वाट बघायची. बेकरी बंद होऊन बरीच वर्षं झाली. तसा पफ आता कोल्हापुरात कुठं मिळत नाही.

ठरलं. पफ घरी करायचा. झाला की फोन. म्हणायचं, ये, तुझा पफ तयार आहे. बाकी काही बोलायची गरजच नाही.

१ जुलै, मंगळवार

व्हिडिओ बघितले. मैद्याची पोळी, वर बटर, घडी, फ्रिज, परत लाटणं. व्हिडिओतली बाई हसत हसत करते. चौदाशे डिग्रीला लोखंड वितळवलेल्या माणसाला दोनशे डिग्रीचं काय कौतुक. शनिवारपर्यंत काम फत्ते. शनिवारी फोन.

३ जुलै, गुरुवार

पहिली ट्रायल. बटर सगळ्या बाजूंनी बाहेर आलं आणि ओव्हनच्या तळाला जळलं. घरभर धूर. शेजारचे खिडकीतून विचारून गेले, काय पेटलं का. पफ चपटा, खालून काळा, वरून कच्चा.

दोष ओव्हनचा आहे. काट्यावर दोनशे दाखवतो, आत किती असतं देव जाणे. फौंड्रीत माल बिघडला की आम्ही आधी साचे करणाऱ्या मोल्डिंगवाल्यांना धरायचो. घरात मोल्डिंग डिपार्टमेंट नाही, ही मोठी अडचण.

५ जुलै, शनिवार

दुसरी ट्रायल. पोळी लाटताना फाटली. हवेत ओल फार आहे. अशा हवेत व्हिडिओतल्या बाईलाही जमलं नसतं. दहा मिनिटं बसलो तर बसल्या जागी डोळा लागला. उठलो तोवर बटर पातळ.

फोन आज करायचा होता. पण पफ नसताना फोन केला तर बोलणं अर्धवट राहील.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. उपवास. मैदा चालत नाही, म्हणून कामाला सुट्टी. आठवडाभरात पहिल्यांदा बरं वाटलं. ट्रायलसाठी आणलेला विकतचा जाम बोटाला लागला होता, तो चुकून चाटला. तो धरायचा नाही.

८ जुलै, मंगळवार

जाम मात्र अव्वल जमला. सकाळभर अननस किसून आटवला, हात चिकट, पाठ मोडली. बायको शाळेतल्या नोकरीवरून आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, गरोदर बाईला अननस देत न्हाईत.

मी म्हणालो, हे आधी सांगायचं. ती म्हणाली, मला वाटलं दोन दिवसांचं खूळ हाय, उतरंल. मी म्हणालो, डॉक्टर तसं काही मानत नाहीत म्हणे. ती म्हणाली, डॉक्टर न्हाई मानत, तिची सासू मानती. मग पर्स न उतरवताच स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, अहो, तिला पफ नको हाय, तुमचा फोन पायजे.

बायकोला प्रोसेस समजत नाही. तिला वाटतं एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारता येते.

जाम चपातीबरोबर मीच खातोय. जिभेला चिरा पडल्या.

११ जुलै, शुक्रवार

शेवटी मूळ ठिकाणी गेलो. सदर बाजारात, बाबालालचाचांच्या घरी. बेकरीच्या जागी आता मोबाईलच्या कव्हरचं दुकान आहे. चाचा मागच्या खोलीत असतात. गुडघे गेलेत, भट्टीसमोर उभं राहून गेले म्हणतात. माझेही दुखतात. थोडा वेळ दोघं गुडघ्यांवरच बोललो.

मग पफचं विचारलं. गर्भारपणात अननस चालत नाही ही अडचणही सांगितली. चाचा ताठ बसून म्हणाले, आमच्या पफात अस्सल अननस असायचा, रत्नागिरीकडनं पेट्या यायच्या. आतून रोशनबीचाचींचा आवाज आला, कुठल्या पेट्या ओ? कोहळा असायचा. जन्मभर कोहळा सोलून माझी नखं झिजली. वर दोन थेंब इसेन्स.

चाचा म्हणाले, सणासुदीला अननस असायचा. चाची म्हणाल्या, एका सणाचं नाव सांगा. चाचा म्हणाले, तुला आठवत न्हाई, वय झालंय. चाचींनी बिस्किटं आणून ठेवली.

म्हणजे मी एवढी वर्षं कोहळा खात होतो. तसा मला संशय होताच. माझ्या जिभेला तेव्हाच कळलं होतं, फक्त मी बोललो नाही.

निघताना चाची म्हणाल्या, अनू बरी हाय न्हवं? लग्नाच्या दिवशी नवऱ्याला घेऊन आली हुती पेढे द्यायला. चाचांच्या पाया पडली. म्हणाली, आबांची कंबर दुखतीया, न्हाईतर तेबी आले असते.

हे मला माहीत नव्हतं.

रिक्षा न करता चालत आलो. व्यायाम बरा असतो.

१२ जुलै, शनिवार

काही केलं नाही. पडून होतो. गुडघे.

१४ जुलै, सोमवार

कोहळ्याचा जाम. इसेन्स घातला आणि डोळे मिटून चाखला. तोच. अगदी तोच. शनिवारची दुपार, शिफ्ट सुटलेली, हातात गरम पुडी. उभ्या उभ्या अर्धी वाटी संपवली.

आतलं काम झालं. राहिले फक्त पदर. आजच्या पफाला एकही पदर सुटला नाही, सगळा एकजीव गोळा. ओट्यावर आपटला तर आवाज आला. कास्टिंग म्हणून इन्स्पेक्शनला पास झाला असता.

बायकोचं दही फ्रिजबाहेर राहून आंबट झालं, कारण आत माझं पीठ गार होत होतं. तिनं त्याची कढी केली. हल्ली बोलत नाही. थकते बिचारी. शाळा, घर, आणि रोज ओव्हनचा ट्रे घासणं. ट्रे मी घासणार होतो.

१६ जुलै, बुधवार

बाबालालचाचांचा फोन आला. म्हणाले, रिक्षा पाठव, मी येतो, खुर्चीत बसून सांगतो, दुपारच्याला पफ तयार. लेकीसाठी हाय म्हटल्यावर मलाबी वाटतंय.

नम्रपणे नाही म्हणालो. त्यांनी केला तर तो त्यांचा पफ होणार. माझ्या फोनला मग आधार काय? बायकोनं ऐकलं. म्हणाली, त्या म्हाताऱ्याला फोन करायला जमतंय बघा.

टोमणा होता. लक्ष दिलं नाही.

१७ जुलै, गुरुवार

जमला.

सात-आठ पदर स्पष्ट मोजता येतात. आकार साधारण तिकोनी. रंग बदामी, एका कोपऱ्यात जरा जास्त बदामी. बायकोनं अर्धा खाल्ला आणि म्हणाली, चांगला झालाय. मग म्हणाली, आता लावा फोन.

फोन हातात घेतला. बॅटरी थोडी राहिली होती. असल्या विषयावर अर्ध्यात फोन बंद पडला तर गैरसमज होतो. चार्जिंगला लावला. चार्ज होईपर्यंत जेवणाची वेळ झाली, मग अनुजाच्या जेवणाची वेळ झाली असणार. उद्या सकाळी नक्की. तारीखवार लिहून ठेवतो म्हणजे पळवाट नको: १८ जुलै, सकाळी.

१८ जुलै, शुक्रवार

सकाळी अनुजाचाच फोन आला, आईला. कालच्या तपासणीत बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, आता या रस्त्यानं कोल्हापूरपर्यंत प्रवास नको, बाळंतपण गडहिंग्लजच्या दवाखान्यातच करू. बायको म्हणाली, मग मीच येते. रजा टाकते आणि बाळ-बाळंतीण घरी येईपर्यंत राहते.

फोन ठेवून ती बॅग भरायला लागली. मी दारात उभा राहिलो. म्हणालो, म्हणजे बीपीमुळं येत नाही, माझ्यामुळं नाही. ती साडीची घडी घालत होती. म्हणाली, मागच्या आठवड्यात बीपी नव्हतं.

एवढंच म्हणाली. आवाज चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

२० जुलै, रविवार. चंदगड

बायकोला सोडायला आलो. एकटी एवढं सामान घेऊन एसटीनं कशी येणार? शिवाय पफ. काल दिवसभर केले. डबा मांडीवर धरून आलो. नेसरीच्या पुढं धुकं आणि पाऊस. बसच्या खिडकीतून पाणी आत, मी डब्यावर वाकून.

स्टँडवर जावई छत्री घेऊन उभा होता. पृथ्वीराज. पहिल्यांदाच समोरासमोर बघितला. त्यानं छत्री आमच्यावर धरली आणि स्वतः भिजत चालला. डबा मागितला, मी दिला नाही. म्हणालो, जपून न्यायचा आहे. तो म्हणाला, बरं आबा.

अनुजा पलंगावर टेकून बसली होती. पाय सुजलेत. चेहरा भरलाय, आईसारखी दिसते आता. मी डबा पुढं केला. पफ ओल धरून मऊ पडले होते, पदर एकमेकांना चिकटलेले. तिनं एक घेतला, सावकाश सगळा खाल्ला. हातावर पडलेली साखरही खाल्ली. मग विचारलं, आबा, एवढे दिवस हेच करत होता?

मी म्हणालो, व्हय.

ती म्हणाली, फोन तर ओट्यावरच असेल की.

मी म्हणालो, हाताला मैदा होता.

ती हसली. मग हसू थांबलं आणि ती खिडकीकडं बघत बसली. मीही खिडकीकडं बघितलं. बाहेर नुसतं पांढरं. मला काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात तिच्या सासूबाई, धोंडुबाई, चहा घेऊन आल्या. त्यांनी पफ चहात बुडवून खाल्ला आणि म्हणाल्या, खारी झ्याक झालीया, पावणं. जावयानं चार खाल्ले. शेवटचा त्यानं पाण्याबरोबर उतरवला, हे माझ्या लक्षात आलं. मुलगा वाईट नाही. तसं मी कधी म्हणालोही नव्हतो. मी फक्त पावसाबद्दल बोललो होतो, आणि पावसाबद्दल माझं बरोबरच होतं.

रात्री मुक्काम. उशीला ओलसर वास.

२१ जुलै, सोमवार

दुपारच्या एसटीनं निघालो. बायको तिथंच राहिली. अनुजा धरत धरत दारापर्यंत आली. तिला येऊ नको म्हणायला हवं होतं, पण ती आलेली बरं वाटलं. पाया पडायला वाकता येत नाही म्हणून तिनं नुसता माझा हात धरला. म्हणाली, पोचल्यावर फोन करा. आईला न्हाई, मला.

म्हणालो, करतो की.

पाचच्या सुमाराला पोचलो. घर गप्प. कपडे वाळत टाकले, चहा केला, तो जास्त झाला, ओतून दिला. फोन काढला. अनुजाचं नाव काढून समोर धरलं. मग विचार केला, गरोदर बाई, कालपासून पाहुण्यांची दगदग, आता झोपली असणार. झोपेतून उठवलं तर बीपी वाढतं. सव्वासहा वाजले होते.

तेवढ्यात बायकोचा मेसेज आला. पोचलात का? अनू मघापासून फोन हातात घेऊन बसलीय.

तिला लिहिलं, पोचलो, अनूला सांग.

निरोप गेला. आता परत त्याच गोष्टीसाठी फोन करणं म्हणजे उगाच. बाळ झालं की करायचाच आहे.