हायस्कूलची इमारत आणि आपण दोघी

प्रिय छकुले,

गुडघा आता बरा आहे. परवा जुन्या हायस्कूलचे जिने थेट वरपर्यंत चढून आले, तेव्हा डॉक्टरांना काही विचारायचं उरलंच नाही. पहारेकरी आत सोडेना. "आजी, इमारत धोक्याची आहे," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, मी इथे भूगोल शिकवलाय. नववीच्या वर्गापेक्षा धोक्याचं इथे कधी काही नव्हतं." हसला बिचारा आणि कुलूप काढलं.

तुला ती इमारत करखात्याचं ऑफिस म्हणूनच आठवत असेल. शहरातलं ते पहिलं हायस्कूल. सुरुवातीला मुलींना मागच्या दाराने यावं लागे. माझी आई त्या दाराने शिकली. मी पुढच्या दाराने नोकरीवर रुजू झाले. मग एका वर्षी नदी शहरात शिरली, आपलं घर पाण्याखाली गेलं आणि वरच्या मजल्यावरच्या विज्ञानाच्या वर्गात आपल्यासकट चार कुटुंबं राहिली. तू रांगत होतीस. बाक भिंतीला सरकवून केलेल्या मोकळ्या जागेत तू पहिलं पाऊल टाकलंस. तुझे बाबा, ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीतही कधी गेला नाही, त्यांनी हाका मारमारून सगळ्यांना गोळा केलं. ते गेल्यापासून हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढे शाळा शहराबाहेर गेली, करखातं आलं, प्लायवूडचे आडोसे उभे राहिले. तेही गेल्यावर कबुतरं आली. पण भिंती ठणठणीत आहेत गं. ओल आहे ती फक्त एका कोपऱ्यात.

महापालिकेत त्या जागेसाठीचा तुझा आराखडा लावलाय. अकरा मजले, सगळी काच, जुन्या इमारतीचा मागमूस नाही. देखणा आहे. शेजारी उभ्या बाईंनी विचारलं, "कुणी काढलाय हो?" मी म्हटलं, "माझ्या लेकीने." आणि तशीच खिडकीवर जाऊन सोमवारच्या सुनावणीत विरोधात बोलणाऱ्यांमध्ये माझं नाव दिलं. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. तिथे आई म्हणून मला सांभाळून घेऊ नकोस, मीही तुला घेणार नाही. तयारी नीट करून ये, माझी झालीय. संध्याकाळी मात्र जेवायला घरीच यायचं. जी हरेल तिने भांडी घासायची. हातमोजे तुझ्या मापाचे आणून ठेवलेत.

तुझीच,
विरोधी बाकावरची आई